अक्काचं गाणं त्याच्या नावावर

वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी केरळचे एक काका राहायचे. गिटार त्यांनी शिकवली. गाणी दिली ती माझ्या मावशीने. तिला आम्ही अक्का म्हणतो. ती पारोळ्याजवळच्या खेड्यात दिलेली. हळदीची, जात्यावरची अहिराणी गाणी तिला तोंडपाठ. सुट्टीत तिच्याकडे राहून मी ती शिकले आणि गिटारवर म्हणू लागले. "ढोलकी नाही, पेटी नाही, हे काय खूळ?" लोक हसले. पण कॉलेजचं गॅदरिंग, मग हळदी, मग जळगाव-धुळ्याचे कार्यक्रम असं करत हाच माझा व्यवसाय झाला.

अक्काच्या एका गाण्यात नवरी बापाला फैलावर घेते. घर पाहिलंस, शेत पाहिलंस, विहिरीला पाणी आहे का ते का नाही पाहिलंस? हंडे तू वाहणार आहेस का? अक्का हे म्हणायची तेव्हा मांडवातली बापेमाणसं खाली बघायची. मी ते रेकॉर्ड करून नेटवर टाकलं.

गेल्या वर्षी एका वरातीत डीजेवर तीच चाल ऐकली. खाली धाडधाड ठेका, आणि शब्द विहिरीवर वाकलेल्या पोरीच्या कमरेचे. बाप गायब, सवाल गायब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर थोड्याच दिवसांत माझंच गाणं नेटवरून काढून टाकलं गेलं. कारण काय, तर चाल दुसऱ्याच्या मालकीची!

तो दुसरा म्हणजे डीजेचं ते गाणं करणारा; धुळ्यात स्टुडिओ चालवत होता. मी गेले. अक्काही हट्टाने सोबत आली.

"ताई, लोकगीताला मालक नसतो," तो खुर्चीत रेलून म्हणाला.

"मग तुम्ही कसे झालात?"

"मी नोंदणी केली. तुम्हीही करायची होती."

अक्का माझ्याकडे वळली. तिने मला विचारलं, "मनी मायनं गानं त्यानं कसं व्हयनं?"

माझ्या मायचं गाणं त्याचं कसं झालं? मी तोच सवाल त्याच्यापुढे ठेवला. तो मात्र म्हणाला, "आजी, चहा घ्या. तुमचा नाचतानाचा एक व्हिडिओ करू. जोरात चालेल."

अक्का उठली. पदर खोचून, त्याच्याकडे बोट रोखून तिने ते गाणं पहिल्या ओळीपासून सुरू केलं. बापाला जे सुनवायचं ते सगळं त्याला सुनावलं. आवाज फाटत होता, पण ती थांबेना. आणि त्या माणसाने काय करावं? मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

मी त्याच्या हातातून मोबाइल हिसकावला.

"अहो, किती अस्सल आहे हे!" तो म्हणाला.

"पुसा. आत्ता. माझ्यासमोर."

बाहेरची माणसं दारात जमली, तेव्हा कुठे त्याने माझ्या हातातल्या मोबाइलवरून ते पुसलं.

मी त्या साइटकडे रीतसर हरकत घेतली, ती फेटाळली गेली. माझं गाणं परत आलं नाही. त्याचं अजून प्रत्येक वरातीत वाजतं. मी कार्यक्रमात मूळ शब्दच म्हणते. पोरं "डीजेवालं म्हणा" असं ओरडतात. मी म्हणत नाही. ती उठून जातात, जाऊ देत.

अक्का मात्र आता परक्या माणसासमोर गात नाही. कुणाच्या हातात फोन दिसला की तोंड मिटते. त्याने चाल नेली, त्याचा राग कदाचित कधीतरी निवेल. पण तिला गप्प केलं, त्याबद्दल मी त्याला माफ करणार नाही.