तबकडीवरचा धनी

माझ्या बायकोची एक ओवी होती. तिची म्हणजे तिच्या एकटीची न्हाई, आमच्या बालाघाटावरच्या सगळ्याच बाया दळताना ती म्हणायच्या. धनी उन्हात औत हाकतोय, ढगा, त्याच्या डोक्यावर जरा थांब, एवढंच मागणं. शेवटी ज्या बाईचा जो धनी, त्याचं नाव. एरवी बाई नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची न्हाई, हाक मारायची तर 'अवं' म्हणायची. जात्यावर बसली की तेवढं घ्यायला मिळायचं. मी पहाटे वाकळंत पडून माझं नाव ऐकायचो. जागा हाय असं कधी दाखवलं न्हाई.

ती तापानं गेली. वरीस भरायच्या आत मी धारूरच्या बाजाराला गेलतो. तेव्हा निजामाची मोगलाई होती. अत्तर विकणाऱ्या अत्तारानं हैदराबादेहून तबकड्या वाजवायचा फोनो आणलेला, दुकानापुढं ही गर्दी. भोंग्यातून कोणी बाई गात होती, आणि गात होती तीच ओवी! पेटी, तबला, मधी मधी उसासे. उन्हात माणूस करपतोय अन ही लाडात येऊन उसासे टाकती. शेवटी नाव आलं ते कुठल्या तरी भलत्याच गड्याचं.

माझं टाळकं सणकलं. "हा कोण बे?"

"कौन की, बाबा," अत्तार म्हणाला. "नाम तो कुछ ना कुछ लगाना पडता ना."

"मग मुकी ठेव म्हणावं ती जागा!"

गर्दीतला एक जण म्हणाला, "म्हातारबा, तुमचं घालायला सांगू का? टकलाला ऊन लागत आसंल." सगळे फिदीफिदी हसले. मी थुंकलो आणि बाजार न करताच घरी आलो.

पुढं ती तबकडी जत्रंत वाजली, लग्नात वाजली. बायाही तबकडीवरचंच नाव घ्यायला लागल्या. एका पहाटे माझ्याच घरात, माझ्या बायकोच्या जात्यावर, सुनेनं ओवी म्हणली अन शेवटी त्याच गड्याला आणून बसवलं.

मी उठून ओरडलो, "बंद कर ते! माझ्या पोराचे जोंधळे दळती अन सावली त्या परक्याला मागती? नवरा मेला का तुझा?"

जातं थांबलं. तिनं पदर पुढं ओढला. "मामा, तुमी हितं दोन हातावर निजलेले. तुमच्या कानावर त्यायचं नाव कसं घालू? आत्याबाईच्या वक्ताला घरात सासरा न्हवता. त्या तबकडीतल्याचं घेतलं तर कोणाचं काय जातंय?"

काय जातंय म्हणे! पोरगं दिवसभर उन्हात औत हाकतं. त्याच्या बायकोनं मागितलेली सावली भोंग्यातला गडी घेऊन जातो, अन मधी आडवा पडलेलो मी. शिव्या द्यायच्या तरी कोणाला? त्यानं आणखीच राग आला.

वाकळ उचलली. "आजपासून गोठ्यात निजतो," म्हणलं. "आता घे नाव. अन मोठ्यानं घे, तुझा गाढव नवरा लवकर जागा होत न्हाई."

तवापासून गोठ्यात निजतो. गोमाशा लई, बैल शेपटीनं तोंडावर फटके मारतो. मधली भिंत जाड हाय. जात्याची घरघर येती, शब्द येत न्हाईत. सून कोणाचं नाव घेती ते मला ठाऊक न्हाई, अन मी इचारणार बी न्हाई.