शिमग्याच्या आठवड्यातली मॅच

आमचा क्लब गेल्या मोसमात एका गोलाच्या फरकाने खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. तो गोल कोणता, असं करी रोडला आमच्या कुठल्याही पोराला विचारलंत तर तो शेवटच्या मॅचमधला दुसरा गोल सांगेल. मी क्लबचा सेक्रेटरी. नोकरीतही आयुष्यभर आकड्यांचंच काम केलं. मला हे उत्तर तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

क्लब म्हणजे फार काही नाही. पूर्वी चाळीत खोली होती. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा तळमजल्यावर पंपाच्या खोलीशेजारी आम्हाला जागा मिळाली. तिथे बॉलची जाळी, एक कपाट आणि जुना कॅरम आहे. खेळणारी पोरं नोकऱ्या सांभाळून खेळतात. कोणी कुरियरवाला, कोणी हॉस्पिटलात वॉर्डबॉय, एक जण शाळेत पीटीचा मास्तर. सकाळी परळच्या मैदानावर प्रॅक्टिस, आणि क्रिकेटवाले आले की आपण बाजूला व्हायचं.

टीममधले निम्मे रत्नागिरीकडचे. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते आणि ती आपल्या दारात येते तेव्हा घरातला कर्ता पुरुष तिथे असावाच लागतो. गणपतीला एखाद्याची रजा हुकली तर घरचे समजून घेतात, शिमग्याला नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतली आमची पाच पोरं बौद्ध. त्यांच्याकडे पालखी नाही. म्हणून शिमग्याला प्रॅक्टिस त्यांनी चालू ठेवायची आणि जयंतीच्या आठवड्यात बाकीच्यांनी, असं कधी न ठरवता ठरलेलं आहे. मॅचचा प्रश्न येत नसे, कारण लीग शिमग्याच्या आत संपते. त्या वर्षी मैदानाची दुरुस्ती लांबली, दोन फेऱ्या पुढे ढकलल्या गेल्या आणि आमची शेवटची मॅच नेमकी होळीनंतरच्या रविवारी आली.

आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. अठराव्या वर्षापासून आमच्याकडेच. अंगाने बारीक, उंचीही बेताची, पण आवाज असा की मैदानाबाहेरचा भेळवाला दचकायचा. मॅचभर तो ओरडत असे. ‘लेफ्ट, झोपलास काय रे? मागे बघ, मागे! तुझा माणूस चहा पिऊन आला!’ त्याच्या त्या ओरडण्यावर आमची बचावाची फळी उभी होती. पोरं वैतागायची, पण आपापल्या जागी असायची.

मोसम वाईट चालला होता. बारा टीम, प्रत्येकीला अकरा मॅच, शेवटच्या दोन टीम खाली. दहा मॅचमध्ये आम्ही तीन जिंकलो, एक बरोबरीत सोडवली, सहा हरलो. दहा पॉइंट. केलेले गोल अकरा, खाल्लेले सतरा. आमच्या लगेच खाली एका ऑफिसची टीम होती, सात पॉइंटवर. म्हणजे त्यांनी शेवटची मॅच जिंकली आणि आम्ही हरलो तरच गोलांचा हिशोब निघणार होता. मी पोरांना सांगितलं, एक बरोबरी पुरे.

शेवटची मॅच ज्यांच्याशी होती त्यांच्या मॅनेजरला दादरला जाऊन भेटलो. समोरच्या टीमने संमती दिली तर तारीख बदलून मिळते. गृहस्थ सभ्य होते. चहा पाजला आणि म्हणाले, “साहेब, माझ्या तीन पोरांनी त्या रविवारसाठी ड्युटी बदलून घेतलीय. पुढे ढकललं तर मला टीमच मिळणार नाही. तुमचा शिमगा, आणि बोंब मी मारायची?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

गावाला जाणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मार्ग काढला. कोणाचा भाऊ गावी होता, कोणाचे काका. गोलीला मार्ग नव्हता. तो एकुलता एक, आणि त्याच्या वडिलांना त्या पावसाळ्यात अर्धांगवायू झाला होता. गिरणी बंद पडल्यावर ते गावी जाऊन राहिले आणि तेव्हापासून दर शिमग्याला घरातर्फे पालखीला खांदा त्यांचाच असे. या वर्षी तो मुलाने द्यायचा होता. त्याने हिशोब केला: पालखी त्यांच्या वाडीत शनिवारी सकाळी येणार, संध्याकाळची गाडी पकडली की रविवारी पहाटे लालबाग, मॅच दुपारची.

“नक्की येशील ना रे?” मी विचारलं.

“भाऊ, माझ्या आठवणीत पालखीचा दिवस कधी चुकला नाही.”

शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. त्याच्या घरी रेंज नाही, टेकाडावर चढून बोलत होता. लांबून ढोल ऐकू येत होता.

“भाऊ, पालखी अजून वरच्या वाडीतच आहे. मानावरून वाद झालाय. पहिला नारळ कोणाचा, त्यावर दोन घरं अडून बसलीत.”

“मिटेल कधी?”

“देव जाणे.”

“मग देवालाच विचार की, तुमच्याकडेच आलाय ना.”

तो हसला नाही. “मी काय करू ते सांगा. तुम्ही म्हणालात तर आत्ता निघतो.”

 मी वडील कुठे आहेत ते विचारलं. म्हणाला, “सकाळपासून ओटीवर खुर्चीत बसलेत. नवं धोतर नेसून. आत न्यायला गेलं की हात झटकतात.”

मी म्हणालो, “थांब तिथेच.” हे मी सेक्रेटरी म्हणून म्हणालो की दुसरा कोणी म्हणून, याचा मी पुढे बराच विचार केला. पण पुन्हा तोच फोन आला तर पुन्हा तेच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी गोलात आमचा स्टॉपर, म्हणजे एरवी बचावफळीत मधोमध खेळणारा पोरगा, उभा राहिला. बीडीडीतला, सहा फूट उंच, धीराचा, पण अबोल. बदली गोली आम्ही कधी तयारच केला नव्हता, कारण अठरा वर्षांत गरज पडली नव्हती. त्याने पहिल्या हाफात दोन सुरेख बॉल अडवले. नंतर एक गोल झाला तो कोणालाच अडवता आला नसता. दुसरा अगदी शेवटी झाला. उजवीकडून उंच बॉल आला, स्टॉपर पुढे झाला, आमचा एक बॅकही पुढे झाला, दोघे एकमेकांसाठी थांबले आणि मधून त्यांच्या पोराने डोकं घातलं. मैदानात कोणीच ओरडलं नव्हतं.

हरलो, दोन-शून्य. तरी अजून वाचण्याची आशा होती. ऑफिसच्या टीमची मॅच मंगळवारी होती. ते एका गोलाने जिंकले तर गोलांचा फरक सारखा होऊन केलेले गोल आमचे जास्त ठरत होते. ते दोन-शून्य जिंकले. एका गोलाने आम्ही खाली.

पालखी रविवारी उन्हं कलता कलता आमच्या गोलीच्या दारात आली होती. म्हणजे साधारण तो दुसरा गोल झाला तेव्हाच. ही वेळ कोणीतरी जुळवून काढली आणि पोरांच्या ग्रुपवर टाकली. खाली दुसऱ्याने लिहिलं, ‘देव पावला, क्लब बुडाला.’ त्याच्याखाली हसण्याचे चेहरे. गोली ग्रुपमधून बाहेर पडला. मी त्या पोराला फोन करून झापलं. तो म्हणाला, “काका, मस्करी होती हो.” मस्करीच होती. पण गोली मुंबईत परतल्यावर मैदानाकडे फिरकला नाही. क्लबच्याच टॉवरमध्ये राहत असूनही खोलीवरून जायचं टाळायला तो मागच्या गेटने ये-जा करतो, असं वॉचमनने सांगितलं.

तो आला नाही तर काय होणार हे मला दिसत होतं. खालच्या डिव्हिजनमध्ये एखादी टीम दोन-तीन वर्षं रेंगाळली की पोरं दुसरीकडे जातात. मग उरतो तो कॅरम. पावसाळ्याच्या तोंडावर नव्या मोसमाची नोंदणी सुरू झाली तेव्हा मी ठरवलं की जाऊन त्याला आकडे सांगायचे. बायको म्हणाली, “लेकीच्या बारावीच्या मार्कांवर इतका विचार केला नव्हतात.” तेही खरंच होतं.

रविवारी सकाळी गेलो. वहिनींनी घावणे घातले होते. गोली मला बघून उठला, खुर्ची पुढे केली आणि समोर बसला. मी खाता खाता सुरुवात केली. म्हटलं, “आपण एकूण एकोणीस गोल खाल्ले. तुझ्या गैरहजेरीत दोन. सतरा तू असताना. पहिल्याच मॅचला चिखलात चार खाल्ले, त्यातला एक कमी असता तरी आपण वाचलो असतो. तीन मॅच दोन-एक हरलो. पेनल्टी बाहेर मारली ती पीटीच्या मास्तरने. टेबलाला जुलैचा गोल आणि मार्चचा गोल यांतला फरक कळत नाही. तो फक्त माणसांना कळतो.”

वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “अहो, हे किती दिवस सांगतेय मी यांना,” त्या म्हणाल्या. “मला आकडे नाही येत एवढंच.”

गोलीने ताटली बाजूला ठेवली.

“भाऊ, आकडे बरोबर आहेत तुमचे. पोरांनी लिहिलं त्याचंही मला काही नाही. मी वेगळ्याच कारणाने आलो नाही.”

“कुठल्या?”

“त्या दिवशी दुपारभर मी घड्याळ बघत होतो. किक-ऑफ झाला असेल, हाफटाइम झाला असेल. मग पालखीपुढे वाजणारा खालूबाजा जवळ आला. पालखी अंगणात उतरली, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मी खांदा दिला. बाबांनी चांगल्या हाताने दांड्याला हात लावला. त्यानंतर ती पुढच्या घरी जाईपर्यंत मला मॅच आठवलीच नाही. रात्री जेवताना आठवली. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, भाऊ. मुलगी झाली तेव्हासुद्धा हॉस्पिटलातून स्कोअर विचारला होता मी.”

“विचारला होता,” वहिनी म्हणाल्या.

“तेव्हाच कळलं, आपलं झालं. लाज वाटली नाही, हलकं वाटलं. आता हे पोरांना कसं सांगू? त्यापेक्षा रागावलाय असं त्यांना वाटलेलं बरं.”

मी एवढी जुळवाजुळव करून नेली होती आणि तिच्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. कारण त्याचा प्रश्नच मला माहीत नव्हता. तो अपराधी वाटून लपलाय असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मला थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. क्लब खाली गेला आणि याला हलकं वाटलं. मग नवं धोतर नेसून दोन दिवस खुर्चीत बसलेला त्याचा बाप डोळ्यांसमोर आला आणि मी दुसरा घावणा मागून घेतला.

नोंदणीचा विषय मी पुन्हा काढला नाही. निघताना चपला घालत होतो तेव्हा तोच म्हणाला, “गोलात कोण उभं राहणार?”

“स्टॉपरच. दुसरं आहे कोण?”

“उंची चांगलीय त्याची. हातही चांगले आहेत. पण ओरडत नाही तो. बॉल वरून आला की नाव घेऊन ओरडायला लागतं, नाहीतर दोघं जण थांबतात आणि बॉल थांबत नाही.”

“मी सांगून काय उपयोग? मी गोलात उभा राहिलोय कधी?”

तो लिफ्टपर्यंत माझ्याबरोबर आला. लिफ्ट येऊन दार उघडलं, बंद झालं, तरी तो तिथेच उभा. शेवटी म्हणाला, “प्रॅक्टिस किती वाजता असते आता?”

“तीच. साडेसहा.”

“खेळायला नाही हं, भाऊ. त्याला ओरडायला शिकवतो. दोन-चार रविवार.”

पहिल्या रविवारी तो आला तेव्हा पोरांनी खेळ थांबवला. तो गोलपोस्टमागे जाऊन उभा राहिला आणि स्टॉपरला म्हणाला, “चल, माझं नाव घेऊन शिवी घाल. जोरात. भेळवाल्याला ऐकू गेली पाहिजे.” स्टॉपर बिचारा लाजला. “दादा, तुम्हाला कशी घालू?” म्हणाला. मग ज्याने ग्रुपवर ते लिहिलं होतं तो पोरगा लांबून ओरडला, “मी घालू का?”

“तू तर घातलीस ना आधीच,” गोली म्हणाला, आणि बॉल आत टाकला.