चिमण्यांच्या आधीचं तळं

भिलाईच्या माणसाला पत्ता विचारा, तो पोलाद कारखान्यापासून सुरू करतो. कारखान्याच्या या गेटपासून इतकं, त्या गेटपासून तितकं. आमच्या मराठी मंडळाने राज्य स्थापना दिवसासाठी अंगणभर छत्तीसगडचा नकाशा मांडायचं ठरवलं, तेव्हाही तेच झालं. हद्द आखायच्या आधी कारखाना ठेवला.

तो अध्यक्षकाकांनी प्लायवूडचा केला होता. काका कारखान्याच्या रेल मिलमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, घराणं मूळचं तुमसरकडच्या शेतकऱ्यांचं. धुराच्या चिमण्या गुडघ्याएवढ्या. त्या मापाने दुर्ग जिल्हा निम्मा कारखान्याखाली गेला आणि रायपूर भिंतीला टेकायला लागलं. मग बाकीचं राज्य त्याच्याभोवती कोंबलं: मध्ये नवं धान, कोरब्याला कोळसा, दल्ली-राजहऱ्याला खरेखुरे लोहदगड, बस्तर आणि सरगुज्यात सालाची पानं. सात राज्यांनी वेढलेलं, समुद्राचा थेंब न लागलेलं हे राज्य. ते स्वतःच्या हातांनी ओतताना मला इतका आनंद होत होता की दोन दिवस मी कुणाशी भांडले नाही. ही मोठीच गोष्ट आहे. मी ठेका कामगारांची पत्रकं लिहिते, भांडण ही माझी रोजची हजेरी.

तिसऱ्या दिवशी मंडळाची झाडलोट आणि चहा बघणारी मावशी झाडू टेकवून उभी राहिली. म्हणाली, "नोनी, नक्शा म मोर दाई के गाँव कते करा हे?"

तिच्या आईचं गाव नकाशात कुठे आहे? मी विचारलं, कोणतं? तिने हात सरळ चिमण्यांकडे केला. आई सात-आठ वर्षांची असताना ते गाव उठलं आणि त्या जागी कारखाना आला. आता आई कुम्हारीला लेकाकडे असते. स्थापना दिवसाला तिला घेऊन येते, तुझं गाव दाखवते, असं मावशी आईला सांगूनही बसली होती.

आणि कारखान्याशेजारी आम्ही पाटी लावली होती: "येथे पूर्वी केवळ ओसाड माळ होता." सुंदर अक्षरात. अक्षर माझंच होतं. मजकूर काकांनी दिला आणि मी, जी दुसऱ्यांच्या पत्रकातला स्वल्पविराम सोडत नाही, ती मुकाट्याने उतरवून मोकळी झाले होते.

मी काकांकडे गेले. म्हटलं, पाटी काढा, चिमण्या सरकवा, तिथे गाव दाखवू.

"अवं, अंगणात अख्खं राज्य बसवून राहिलो आपण. एकेकाच्या मायचं गाव कुठं बसवू? तुह्या डोक्यावर?"

"चिमण्या लहान करा."

"कावून? मह्या बापानं तिथं पाया खोदला. मले लहान नाही दिसत."

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. "भिलाई आकाशातून पडली नाही" असा मथळा, खाली आखूड, ठोस वाक्यं. झेरॉक्स काढून सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर ठेवलं. संध्याकाळी पाहते तर खजिनदार काकूंनी त्याचे कोन करून सगळ्यांना चिवडा वाटलेला. "कागद चांगला हाय वं तुहा," काकू म्हणाल्या, "तेल नाही झिरपत."

मावशीने रिकामे कोन गोळा केले. तेव्हा मला फार लाज वाटली. पत्रकातलं एक अक्षर तिला वाचून दाखवायचं मला सुचलं नव्हतं.

स्थापना दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी नकाशातल्या महानदीत पाणी सोडायचं होतं. मातीचे काठ, खाली प्लास्टिक, ती उगम पावते त्या सिहाव्याच्या डोंगराशी बादली. काकांनी नारळ फोडला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, बादली कलंडली. पाणी क्षणभर थांबलं, मग आरामात वळून पश्चिमेला निघालं. ओडिशाकडे पाठ. दुर्ग भिजवलं, राजनांदगाव ओलांडलं आणि नकाशाबाहेर, नागपूरच्या दिशेने, भिंतीकडच्या नालीत पडलं.

अंगणाला उतार असतो हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आयुष्यभर लोखंड मिलिमीटरने मोजणाऱ्या माणसांच्या.

"माहेरी चालली वाटते," काकू म्हणाल्या.

"जुनी सवय आहे," मी म्हटलं. "नागपूरकर इथे राज्य करायचे तेव्हा वसुली याच रस्त्याने जायची. आता लोखंड जातं, कोळसा जातो, वीज जाते. पाणीच राहिलं होतं."

काका आधी रागावले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग ते पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले. सगळं अंगण हसत होतं. हसू ओसरल्यावर कळलं की उद्या लोक येणार आणि आपल्याकडे राज्य नाही.

उपाय मावशीने सांगितला. आख्खा नकाशा उलटा फिरवा. ओडिशा नालीकडे, पाणी आपसूक जाईल. फाटकातून येणारा माणूस सरगुज्याऐवजी बस्तरात शिरेल, एवढंच.

सगळं झाडून काढलं. यावेळी कुणी कारखाना आणला नाही, कारण आधी उतार बघायचा होता, म्हणजे नद्या. मावशीने तांदळाच्या पिठाने हद्द एका दमात ओढली, सणाला पिठाच्या रांगोळीचे चौक पुरणाऱ्या हाताची रेघ. महानदी आली, शिवनाथ आली. इंद्रावती खरीखुरी पश्चिमेला वाहणारी, तिच्यासाठी आता चढ लागला, म्हणून काकूंची निळी साडी अंथरली. मग शिवनाथच्या उजवीकडे मावशीने आपल्या घरची काशाची थाळी ठेवली, तीत पाणी ओतलं, कडेने मातीची पाच घरं. कुणाला विचारलं नाही. दुपारपर्यंत भोवती धान पसरून झालं होतं.

काका चिमण्या उचलून आले आणि थाळीपाशी थांबले. मी तोंड उघडलं, काकूंनी माझा हात दाबला.

"हे तळं काय?" त्यांनी मावशीला विचारलं. "याच्या पाळीवर आंबे होते?"

"रिहिस," मावशी म्हणाली. होते.

"आम्ही लहानपणी पाडून खाल्ले तिथले. गाव गेलं होतं, झाडं उभी होती." त्यांनी चिमण्या हातभर पलीकडे, धानावर ठेवल्या. जाताना पाटी उचलून काखेत घातली.

दुसऱ्या दिवशी मावशीची आई आली. चपला फाटकाशी काढून ती काठी टेकत बस्तरातून चालत आली, धान तुडवत. कुणी अडवलं नाही. थाळीजवळ वाकली, घरं मोजली, पाण्यात बोट घातलं. सगळं मंडळ भोवती गोळा झालं. माझेही डोळे भरत आले होते.

"तरिया अतका छोटे नइ रिहिस," म्हातारी म्हणाली. तळं एवढंसं नव्हतं. "एमा भैंसी कइसे नहाही?"

म्हशी कशा डुंबणार, हा प्रश्न रास्त होता. काकूंनी काकांकडे पाहिलं. काका स्वयंपाकघरात गेले आणि महाप्रसादाची कणीक मळायची मोठी परात दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. मी धान बाजूला सारायला बसले. म्हातारी काठीने दाखवत होती, आणखी तिकडे, आणखी.