किल्ल्यात अडकलेली मामी

जपानबाहेरची पहिली जपानी चित्रकथा बेलापुरात निघाली, असं माझ्या धाकट्या मामाचं ठाम म्हणणं होतं आणि ते खोडून काढायची आमच्या घराण्यात कुणाची छाती नव्हती. मामा धंद्यानं पेंटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर टाकायचे, दुकानांचे बोर्ड रंगवायचे, यावर त्याचं बरं चाललं होतं. नव्वदनंतर कधीतरी त्यानं श्रीरामपुराहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. आणला आम्हा भाच्यांच्या नावाखाली, पण आम्हाला कधी हात लावू दिला नाही. गेम एका तलवारबहाद्दराचा होता. जंगल, गुहा, राक्षस आणि शेवटी किल्ल्यात कोंडलेली राजकन्या. त्याच सुमारास कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आलेल्या मित्रानं त्याला तिथलं चित्रकथेचं जाडजूड पुस्तक दिलं. तिकडे त्याला मंगा म्हणतात. सगळं काळ्या शाईत आणि उजवीकडून डावीकडे. मामाला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं, तरी त्यानं ते मन लावून वाचलं आणि आपल्या गेमची तशीच चित्रकथा करायला घेतली.

समोर माणूस बसल्याशिवाय चेहरा काढायचा नाही, हा त्याचा नेम. त्यामुळे पिठाच्या गिरणीचा मालक राजा झाला. राक्षसासाठी मामीचे थोरले भाऊ बसले. त्यांना सेनापती म्हणून बसवलं होतं. चित्र पाहिल्यावर ते दिवाळीपर्यंत या घरी जेवले नाहीत. राजकन्या अर्थातच मामी. तिनं भाजी निवडायची ठेवून खिडकीचे गज धरले आणि मामानं तिला किल्ल्यात घातलं.

पण बाहेर कसं काढायचं? तलवारबहाद्दर किल्ल्याच्या दारात पोचला की लाईट जायची आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. "जे डोळ्यानं बघितलं न्हाई ते मी काढीत न्हाई," मामा म्हणायचा. शेवटचं पान कोरं राहिलं. त्यात पुस्तक उलटं, म्हणून बेलापूरकर आपल्या सवयीनं उघडायचे आणि त्यांना आधी ते कोरं पानच लागायचं. शेजारच्या टेलरनं तर छपाई राहिलीय म्हणून पुस्तक तसंच परत केलं. नळावरच्या बाया मामीला विचारायच्या, सुटलीस का गं? मामी आधी हसायची. पुढं पुढं हसेनाशी झाली.

मग एके दुपारी व्होल्टेज वाढलं आणि गेमच जळाला. मामा बाजेवर डोकं धरून बसला. आता शेवट कधीच दिसणार नव्हता. मामी हात पुसत बाहेर आली.

"अहो, त्या डब्यानं मला कोंडलं न्हाई. तुमी कोंडलं."

"पर शेवट मी बघितलाच न्हाई."

"मंग बघा की," ती म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन तिनं दाराला कडी लावली. क्षणभरानं कडी काढली, पदर खोचला आणि उंबरा ओलांडून अंगणातल्या उन्हात येऊन उभी राहिली. मामानं मान वर केली आणि हात लांब करून शाई घेतली.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तिची फार आठवण येते, आणि तिचा धड फोटो घरात एकही नाही. त्या शेवटच्या पानावर ती उन्हात उभी आहे, डोळे किंचित बारीक करून, कुणावर तरी लटकंच रागावलेली. परवा मी मामाला विचारलं की या चित्रात सगळं आहे, पण राजकन्येला सोडवणारा तलवारबहाद्दर कुठंच कसा नाही?

मामा चित्राकडे बघत राहिला. "त्यो समोर बसून चित्र काढीत हुता," तो म्हणाला.