लेकीचा खडा

सिहोऱ्याच्या विमलाबाईंना कोणी विचारलं, लेक काय करते, तर त्या सांगायच्या, "मीठ पिकवते." ऐकणारा हसायचा. पण बाई फार खोटं बोलत नव्हत्या. त्यांची प्रतिक्षा दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडचे स्फटिक वाढवायची, आणि ते आपल्या मिठाचंच भावंड.

पावसाळ्यात साकोलीच्या कॉलेजात दाखवायला तिने एक खडा आणला होता, काचेच्या घट्ट बंद डबीत. "किरणोत्सर्ग डोळ्याले दिसत नाही, आई," ती म्हणाली होती. "पण किरण या खड्यात घुसला का बारीकसा उजेड पडते, अन् तो मशीन पकडते. याले ओल लागली का मात्र संपला. मिठापेक्षा नाजूक हाय." परत जाण्याच्या घाईत डबी घरीच राहिली. तुमसरहून गाडी सुटल्यावर फोन आला, "राहू दे, पुढच्या वेळी नेईन."

विमलाबाईंना आनंदच झाला. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं, आणि लेक वर्षातून एकदा तोंड दाखवायची. आता तिला यावंच लागणार होतं.

डबी जपायची म्हणून त्यांनी ती चुलीपाशी, मिठाच्या मडक्याशेजारी ठेवली. पावसाळ्यात मीठ तिथेच ठेवायचं, उबेने सुकं राहतं. आत ओल असलीच तर निघून जावी म्हणून झाकणही काढून ठेवलं. करायला गेल्या एक नि झालं भलतंच. रोजच्या भाताची वाफ डबीत शिरली आणि काचेसारखा खडा पिवळा पडून पाझरू लागला.

त्याच आठवड्यात प्रतिक्षाचा फोन आला. "लॅबच्या सरांना खडा पाहिजे. बरा असन तं दोन दिवस सुट्टी काढून न्यायले येतो."

विमलाबाईंनी डबीकडे पाहिलं. परक्याच्या धानाच्या बांधीतसुद्धा कधी कामचुकार रोवणी न केलेली ही बाई, खोटं बोलणं तिला जड जात होतं. पण लेकीला पाहायला जीव नुसता तुटत होता.

"बरा हाय," त्या म्हणाल्या. "ये तू."

प्रतिक्षा आली. आधी जेवू घालावं आणि मग सांगावं, एवढा कावा विमलाबाईंच्या अंगात नव्हता. पाणी विचारायच्या आत त्यांनी डबी तिच्या हातात ठेवली. पोरीने ती दारातल्या उजेडात धरली.

"केव्हा झालं हे?"

"तुया फोनच्या आधीच."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तं तू आली असती का?"

प्रतिक्षाने डबी मिठाच्या मडक्याशेजारी परत ठेवली आणि पाय धुवून आईजवळ चुलीपाशी बसली.