क्वेऱ्यांची पंगत

सकाळचे सात म्हणजे आमच्या कंपनीत रोजची धुमश्चक्री असते, आणि खरं सांगायचं तर मला ती मनापासून आवडते. मी ती मलकापुरात बसून लढते, सासरच्या घराच्या मागच्या खोलीतून. कंपनी पुण्याची. शेतातून भाजी उचलायची आणि शहरांतल्या दुकानांना पोचवायची, हा तिचा धंदा. कोणत्या दुकानात काय खपलं, काय सडलं, हे सगळं क्लाउडवरच्या एका भल्यामोठ्या कोठारात जमा होतं. त्याला डेटा वेअरहाऊस म्हणतात, आणि त्याला विचारलेल्या प्रश्नाला क्वेरी. शेकडो लोक एकाच वेळी प्रश्न विचारतात. त्यांची एकमेकांशी टक्कर होऊ द्यायची नाही, हे माझं काम.

गेल्या हिवाळ्यात ती टक्कर रोज व्हायला लागली. खरेदीवाल्यांना सातच्या ठोक्याला कळलंच पाहिजे की आज कोणत्या दुकानाला किती मेथी पाठवायची. नेमके तेव्हाच हिशेबवाले गेल्या दोन वर्षांच्या विक्रीची क्वेरी सोडून द्यायचे आणि चहाला जायचे. प्रश्न सोडवायची कोठाराची ताकद ठरलेली असते. एकाने ती सगळी ओढली की बाकीचे ताटकळत बसतात. ट्रक उभे, मेथी माना टाकते, आणि साहेबांचा फोन मला.

"जास्तीची ताकद विकत घ्यायची नाही, बिल आधीच डोक्यावरून गेलंय," साहेब म्हणाले. "आठवडाभरात सुटलं नाही, तर तुम्ही पुण्याला येऊन बसा. लांबून हे जमत नाहीये."

नवऱ्याचं गुरांच्या ढेपेचं दुकान इथे, तो काही हलणार नाही. मी पुण्यात काढलीत की काही वर्षं, एका खोलीत, एकटीने. तिथे मी "चला, मी जातो" म्हटलं की अख्खं ऑफिस हसायचं. आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात, त्यात हसण्यासारखं काय आहे? ते हसणं मी कानाआड केलं असतं, पण घरून काम करायची परवानगी मोठ्या मिनतवारीने मिळालेली होती आणि मला इथेच राहायचं होतं. सासूबाईंना सांगितलं, तर तूर पाखडता पाखडता त्या एवढंच म्हणाल्या, "जा लागते तं जाय. नोकरी हाय ते." सूप काही थांबलं नाही. मला असा राग आला म्हणता! माणसाने एक उसासा तरी टाकावा ना.

त्या रविवारी बीबी गावाला, बहिणीच्या सासरी, तिच्या मुलाचं जावळ होतं. आम्ही सगळे गेलो. मांडवात पंगत बसली होती आणि मी ताट घेऊन मागे उभी होते, भुकेने कासावीस. पंगत जवळजवळ जेवून झाली होती. बोटं वाळली, पोरं चुळबुळ करायला लागली, पण कोणी उठेना. कारण बहिणीचे एक चुलतसासरे अजून बुंदीवर होते, आणि आमच्याकडे पंगत उठते ती एकदम. एकाचं व्हायचं असलं तर शंभर जण बसून राहतील, पण पानावरून उठणार नाहीत.

"मामाजी, होऊ द्या आरामात," बहीण त्यांना तोंडाने म्हणत होती. डोळ्यांनी ती काय म्हणत होती, ते मी इथे लिहीत नाही.

आणि मी भर मांडवात ओरडले, "सापडलं!"

सावकाश जेवणाऱ्याची पंगत वेगळी बसवायची, बस! इतकं सोपं! सोमवारी दिवसभर मी वेड्यासारखी कामाला लागले. कोठाराची ताकद तीन पंगतींत वाटली. पहिली खरेदीवाल्यांची, छोट्या आणि घाईच्या क्वेऱ्यांची, त्यांना मोठा वाटा. दुसरी हिशेबवाल्यांची. तिथे एका वेळी एकच क्वेरी चालेल आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त रेंगाळली तर सरळ उठवली जाईल. तिसरी घरची, म्हणजे आमच्या चमूच्या स्वतःच्या कामांची. ती शेवटी, उरल्यासुरल्यावर. प्रत्येक क्वेरीच्या कपाळावर तिच्या पंगतीचं नाव डकवलं आणि साहेबांना कळवलं, उद्या बघाच.

मंगळवारी सात वाजले. खरेदीवाल्यांच्या क्वेऱ्या सुटल्या आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तरं हजर! मी टाळ्या पिटल्या. साहेब ऑनलाइन बैठकीत सगळ्यांसमोर "वा" म्हणाले. साहेबांच्या तोंडून "वा" म्हणजे आमच्याकडे माघात आंबा.

तेवढ्यात खरेदीतला एक जण म्हणाला, "पण हे आकडे तर परवाचे आहेत. कालची विक्री कुठेय?"

मी बघितलं आणि हात कपाळावर गेला. दुकानांमधली कालची विक्री उचलून कोठारात भरण्याचं काम आमच्याच चमूचं. आमचं म्हणजे घरचं, आणि घरचं म्हणून मी त्याला शेवटच्या पंगतीला बसवलं होतं. दुसरं सुचलंच नाही मला! आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी घरचे जेवले तर गावभर नावं ठेवतात. पाहुणे एकामागून एक येतच राहिले, आणि भरणा बिचारा उरल्यासुरल्याची वाट बघत उभा. अहो, तो काही घरचा नव्हे, तो तर आचारी! पाहुण्यांचं आटोपल्यावर चूल पेटव, असं मी आचाऱ्याला सांगून बसले होते.

"काऊन वो माय, सैपाक्यालेच चुलीपासून दूर ठेवलं मी!" मी स्वतःशीच म्हणाले. माइक चालू होता. अख्ख्या पुण्याने ऐकलं.

"काय म्हणालात?" साहेबांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

मी सांगितलं. पंगत, बुंदी, आचारी, सगळं. मजा येत होती, ती लपेना. "फक्त एक सकाळ द्या," मी म्हटलं.

भरण्याला त्याची स्वतःची ताकद दिली, तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पहाटेच त्याची चूल पेटेल अशी व्यवस्था केली. घरच्या पंगतीत फक्त आमचे फुटकळ प्रयोग ठेवले. बुधवारी सातला आकडे आले, ताजे, आदल्या रात्रीपर्यंतचे! ट्रक वेळेत निघाले. हिशेबवाल्यांची दोन वर्षांची क्वेरी आपल्या कोपऱ्यात सावकाश चालली होती आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मला नाचावंसं वाटलं.

साहेबांनी आकडे वरपासून खालपर्यंत तपासले. मग म्हणाले, "तुम्ही तिथेच राहा. तिथूनच सुचतंय तुम्हाला."

मी खुर्ची ढकलून स्वयंपाकघरात धावले. "आई, मी कुठी नाही जात! इथंच राह्यतो मी!"

सासूबाईंनी तव्यावरची भाकर उतरवली. पदराला हात पुसले आणि आतल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी पलंगाखालून एक बांधलेलं गाठोडं ओढलं आणि सोडायला बसल्या. आत त्यांची लुगडी होती, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि घडी घातलेली शाल.

"हे काय आई? कुठं चालल्या होत्या?"

"कुठं म्हंजे? पुन्याले," त्या म्हणाल्या. "तुले एकटीलेच धाडतो काय मी?"