दुपारी चारचा सामना

“पाऊस सोडून बाकी सगळ्यांना फोन लावता येतो,” असं म्हणत ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि पुढचा नंबर फिरवायच्या.

परळला आमचं ऑफिस होतं. व्यावसायिक फुटबॉल लीगचं वेळापत्रक ताई करायच्या, मी त्यांच्या हाताखाली. तुम्ही-आम्ही तिकीट काढून सामना बघतो. तो त्याच दिवशी का, हे कधी विचारत नाही. ताईंना विचारलं असतं तर त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला असता. पावसाचे दिवस निळ्या पेन्सिलने रंगवलेले. राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडावे लागतात, ते दिवस लाल. “पांढरं उरेल ते आपलं,” त्या म्हणायच्या.

लालबागच्या खोलीत त्या एकट्याच राहायच्या. सख्ख्या भाचीच्या लग्नाची तारीख कळली तेव्हा आधी ओरडल्या, “अगं, त्या दिवशी गोव्यात सामना आहे!” लग्नाला गेल्या, पण अक्षता पडताना फोन कानाला होता. “इथे सनई वाजतेय, मोठ्याने बोला. पाऊस थांबला का?”

त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला. पुढे ढकललेले सामने घालायला जागा उरली नाही. शेवटचा सामना ताईंनी एप्रिलमधल्या एका रविवारी, रात्री आठला कसाबसा बसवला. सोमवारपासून सगळं लाल. साहेबांनी टीव्हीवाल्यांच्या सोयीसाठी तो दुपारी चारला आणला.

“साहेब, चारला त्या मैदानावर नुसतं उभं राहून दाखवा.”

“मग सोमवारी खेळवा.”

“सोमवारी खेळाडू शिबिरात असतील.”

“मग?”

ताई वळल्या. जागेवर येऊन मला म्हणाल्या, “वेळ बदलल्याचं पत्रक काढ रे. दोन्ही हाफमध्ये पाणी प्यायला खेळ थांबवायचा, हे ठळक लिही. विसरू नकोस.”

मी वेळ बदलली. पाण्याचं लिहायचं राहिलं. त्यांच्या नावाने पत्रक पाठवलं आणि मी जेवायला गेलो.

सामन्याचे पंच भायखळ्याचे, शाळेत पी.टी.चे मास्तर. दुसऱ्या हाफमध्ये धावता धावता ते गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. संध्याकाळी हॉस्पिटलात वारले. उष्माघात.

चौकशीत साहेबांनी पत्रक पुढे सरकवलं. “हे कोणी काढलं?”

मी टेबलाकडे बघत होतो. ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “खाली नाव माझं आहे,” त्या म्हणाल्या. “तपासायचं काम माझं होतं.”

तेरावं झाल्यावर ताई पंचांच्या घरी निघाल्या. मीही गेलो. पंचांच्या बायकोने दारातच विचारलं, “पाण्यासाठी थांबवायचं कोणी सांगितलं नव्हतं का?”

“लिहायचं राहिलं,” ताई म्हणाल्या. “माझ्याकडून.”

“कागदावर असतं तर ते थांबले असते हो. कागदाबाहेर जाणारा माणूस नव्हता तो.”

दार लागलं. जिन्यात मी म्हणालो, “ताई, मी...”

“तुझी नोकरी नवी आहे. गप्प राहा.” आवाजात माया नव्हती.

महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. मी दोनदा लालबागला गेलो. चहा करायच्या, फुटबॉलचं काही विचारायच्या नाहीत. शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, रविवारी दुपारी बाई पंखा बंद करून बसतात, घामाने चिंब होतात, पण ऐकत नाहीत.

गेल्या मे महिन्यात त्या गेल्या. शोकसभेत भाचीने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी त्यांच्या कामाबद्दल बोललो. लोक हसले, मग रडले. पत्रकाचं मी बोललो नाही.

तिथून टॅक्सी करून भायखळ्याला गेलो. पंचांच्या बायकोने मला लगेच ओळखलं.

“तेव्हा माझ्याबरोबर आलेल्या बाई वारल्या,” मी म्हणालो.

“मी त्यांना खूप शिव्याशाप दिले,” ती म्हणाली. मग विचारलं, “अजून काही सांगायचं होतं?”

“नाही,” मी म्हणालो.